मानेवरच्या खुणा

"काकू, मार्किंग कुठे गेलं?" डॉक्टर वेदिकाने संयोगिताची हनुवटी वर करून विचारलं.

"आंघोळ केली. साबणाने निघालं."

"अहो, ते काढायचं नव्हतं!"

"मग काय पारोशी झोपू तुमच्या टेबलावर?"

नर्स हसली. डॉक्टर हसली नाही. सहा वर्षांपूर्वी संयोगिताची, माझ्या बायकोची, थायरॉइडची ग्रंथी काढली होती. आता कॅन्सर मानेतल्या गाठींमध्ये परत आला होता. जुन्या ऑपरेशनमुळे आत सगळं चिकटून बसलेलं असतं, लहान गाठ हाताला लागत नाही, असं डॉक्टरने मला सांगितलं होतं. म्हणून आदल्या संध्याकाळी तिने सोनोग्राफी करून गाठींच्या जागी पेनने फुल्या मारल्या होत्या.

"पुन्हा मारा की," संयोगिता म्हणाली. "मान कुठे पळून गेलीय?"

"स्वल्प गप्प बस," मी आमच्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणालो.

"आवाज गेला की बसणारच आहे. तुमची चैन."

जन्मभर ती कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. मी तिथेच लेथ मशीनवर. तिला पाहण्याआधी मी तिचा आवाज ऐकला होता.

तिला आत नेलं. बऱ्याच वेळाने डॉक्टर हिरव्या टोपीतच बाहेर आली.

"काका, टेबलवर मान मागे करून परत स्कॅन केलं. कालच्या दोन गाठी काढल्या. पण अजून एक दिसली, काल दिसली नव्हती. आवाजाच्या नसेला चिकटलीय. सोलून काढली तर थोडी मागे राहू शकते. नस कापली तर गाठ पूर्ण निघेल, पण आवाज जाईल."

"म्हणजे खुणा पुसल्या ते बरंच झालं?"

"आज तरी हो."

"तिला विचारलं होतं, असं झालं तर काय करायचं?"

"कालच. म्हणाल्या, आत काही ठेवू नका. तरी तुम्हाला सांगावं म्हटलं."

आवाज ठेवा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"तिने सांगितलं तसं करा," मी म्हणालो.

त्यानंतर तिच्या तोंडून नुसती हवा यायची. समोर बसलं तर ओठांवरून कळायचं, फोनवर काहीच नाही. आनेकलहून तिची बहीण उल्का रोज संध्याकाळी फोन करायची आणि एकटीच बोलायची. संयोगिता फोन कानाला धरून ऐकायची.

दर तपासणीला डॉक्टर मानेवर यंत्र फिरवून म्हणायची, "मान क्लीन आहे, काकू." मान शेवटपर्यंत स्वच्छच राहिली. पुढच्या वर्षी कॅन्सर फुफ्फुसात निघाला.

ती गेली त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या बाकावर बसलो होतो. कुणालाच कळवलं नव्हतं. खिशात तिचा फोन वाजला. उल्का होती. मी उचलला. सांगायचं होतं, म्हणून फोन कानाला धरला.

"अक्का, जेवलीस का?" उल्का नेहमीसारखी सुरू झाली. "मी आज अवरेच्या शेंगा सोलत बसले दिवसभर. नखं काळी झालीत बघ. भावोजी डबा न्यायला येतील का उद्या? असू दे, तू बोलू नकोस, दम लागेल तुला. मीच सांगते सगळं."

ती सांगत राहिली. मी तिला थांबवलं नाही.