पाटी कोण वाचतंय?

बाबांना त्यांच्या डोळ्यांबद्दल सांगायची हिंमत घरात कुणातच नव्हती. उभी हयात बस चालवलेला माणूस! गेल्या आठवड्यात त्यांनी गाडी फाटकाच्या खांबावर घातली आणि वर खांबालाच झापलं. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणाले, "त्यालाच जाड भिंगाचा चष्मा आहे, तो काय माझे डोळे बघणार?" त्यात सोमवारपासून नातीला शाळेत आपण सोडणार, असं त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं. ते ऐकून नातीची आई, म्हणजे त्यांचीच धाकटी लेक, हबकलीच.

धाकटी काही लेचीपेची बाई नव्हे. हमरस्त्यावर लोखंडी कमानी उभारून त्यांवर वेगमर्यादेच्या इलेक्ट्रॉनिक पाट्या बसवणाऱ्या टोळीची ती मुकादम होती. धुकं पडलं, गर्दी झाली, की या पाट्यांवरचा आकडा लगेच खाली आणता येतो. क्रेनवाल्यापासून वायरमनपर्यंत सगळे तिला टरकून असत. बाबांपुढे मात्र या वाघिणीची पार मांजर व्हायची.

टोळीचा एक नियम होता. ज्याने पाटी बसवली, त्याने ती तपासायची नाही. त्याला आकडा आधीच ठाऊक असतो, त्यामुळे निम्मे दिवे विझलेले असले तरी तो बरोबरच वाचतो. म्हणून परक्या माणसाला लांब उभं करायचं, आकडे बदलत राहायचे आणि त्याने ते फोनवर वाचून दाखवायचे. या खेपेला परका माणूस म्हणून धाकटीने बाबांना बोलावलं. आपल्या तोंडून जे निघत नाही ते पाटीने सांगावं, एवढाच तिचा डाव.

बाबा कडक इस्त्रीत आले. बरोबर आई होतीच. रस्ता अजून रहदारीला खुला झाला नव्हता. दोघं लांब वळणापाशी गाडीला टेकून उभे राहिले.

"साठ!" फोनमधून बाबा गरजले. बरोबर.

"चाळीस!" बरोबर.

"शंभर! अगं, जरा अवघड काहीतरी दे!"

धाकटी चक्रावली. तिने फोन कानाला घट्ट लावला. दर गर्जनेच्या आधी एक बारीक कुजबुज येत होती.

"ऐंशी," आई पुटपुटली.

"ऐंशी!" बाबा गरजले.

तेव्हा कुठे धाकटीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडीत बसलं की आईचं सुरू व्हायचं. अहो, लाल आहे. अहो, सायकलवाला. अहो, वळण आलं. आईला बडबडायची खोडच आहे, असं म्हणून सगळं घर हसायचं आणि हसणाऱ्यांत धाकटी सगळ्यात पुढे. आता कळलं की इतके दिवस गाडी आईच चालवत होती, बाबा नुसतं स्टिअरिंग धरून बसत होते. धाकटीला हसूही आलं आणि आईची फार दयाही आली.

"बाबा, फोन जरा आईकडे द्या."

"काय गं?" आईचा आवाज.

"मला सगळं ऐकू येतंय, आई."

आई फोन घेऊन बाबांपासून चार पावलं लांब गेली.

"रोज थोडीच तू त्यांच्यासोबत असणार? सोमवारी मागच्या सीटवर पोर असेल माझी."

"कळलं," आई म्हणाली आणि तिने फोन परत दिला.

धाकटीने पाटी बंदच करून टाकली. पाटी काळी कुळकुळीत झाली.

बाबा खाकरले. थोडा वेळ थांबले. कुजबुज काही येईना.

"साठ," ते म्हणाले. या वेळी गरजले मात्र नाहीत.

"अहो," आई हळूच म्हणाली, "पाटीवर काहीच नाहीये."

"मग पाटी बिघडलीय."

"पाटी चांगली ठणठणीत आहे."

धाकटीचे डोळे भरून आले. मग फोनमधून किल्ल्यांची खुळखुळ ऐकू आली.

"धर," बाबा आईला म्हणाले. "लायसन्स काढून नुसतं कपाटात ठेवलंयस. आता चालव. पण गिअर कधी टाकायचा ते मी सांगणार."

धाकटीने घाईघाईने पाटीवर वीस लावले. गाडी आचके देत निघाली आणि रमतगमत कमानीखाली आली. खिडकीतून बाबांचं डोकं बाहेर आलेलं होतं.

"अगं, ऐंशी लावलेत पोरीने! दाब की जरा!"

"वीस आहेत," समोरची नजर न काढता आई म्हणाली. "आणि गाडीत बडबडू नका."