चौथ्या मजल्यावरची लाल पाटी

"आहे, आहे! मेले नाही अजून!" बंद दाराआडून आवाज आला आणि मी कपाळाला हात लावला.

"आजी, खाली येऊन एकदा पाटी फिरवायला काय होतं तुम्हाला?"

"मी काय दुधाची बाटली आहे का, आली की नाही ते रोज सकाळी बघायला?"

आत शिलाई मशीनची खडखड पुन्हा सुरू झाली. मी कठड्याला धरून चार मजले उतरायला लागलो. लिफ्ट आहे, पण ती दुरुस्त मीच करतो, त्यामुळे तिच्यावर माझा भरवसा नाही.

मी या इमारतीचा देखभालवाला. नळ, दिवे, कुलपं आणि भांडणं, सगळं माझ्या गळ्यात. खिशात कायम पक्कड असते म्हणून लहानथोर मला पक्कडकाका म्हणतात. इमारत जगावेगळी आहे. चौदा बिऱ्हाडं, म्हातारी, तरुण, लेकुरवाळी, न दिसणारी, न ऐकू येणारी, सगळी ठरवून एका छपराखाली आणलेली. एकमेकांना आधार व्हावा म्हणून. कागदावर हे फार गोड दिसतं. एकाला दिसत नाही म्हणून लिफ्ट मजल्याचं नाव मोठ्याने सांगते. बाकीचे तिचं तोंड बंद करा म्हणून माझ्या मागे लागतात. उताराच्या वाटेवर हमखास कोणीतरी सायकल लावून जातं. शिव्या मला.

त्यात या पाट्या. तळमजल्यावर लिफ्टजवळ चौदा लाकडी पाट्या टांगल्यात, एक बाजू लाल, एक हिरवी. हिरव्या बाजूला खाच आहे, बोटाने कळावी म्हणून. संध्याकाळी मी सगळ्या लाल करतो. सकाळी दहाच्या आत ज्याने त्याने आपली हिरवी करायची, म्हणजे माणूस धडधाकट आहे हे समजतं. लाल राहिली की मी वर जाऊन दार वाजवायचं.

शिलाईआजीने चार वर्षांत एकदाही पाटी फिरवली नव्हती. वय त्र्याऐंशी. गणवेशांच्या कारखान्यात कॉलर कापण्यात जन्म गेला. अजूनही अख्ख्या इमारतीच्या चेन आणि बटणं तीच लावते. काम चोख, तोंड त्याहून चोख.

शेवटी एका रविवारी सभेत तिचा विषय निघाला. आमच्या सेक्रेटरीबाई व्हीलचेअरवर असतात. बिल्डरशी भांडून इमारतीतलं दार न् दार त्यांनी रुंद करून घेतलंय. त्या कोणाला बधत नाहीत.

"काका, नियम सगळ्यांना सारखा," त्या म्हणाल्या. "उद्या खरंच काही झालं तर जबाबदार कोण?"

ठरलं असं, की आता एकदा जरी पाटी लाल राहिली, तरी आजीला एकटीने राहणं जमत नाही असं धरायचं. खोली प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला, आणि आजी पुतण्याकडे. पुतण्या फोनवर "बघू" म्हणाला होता. त्या "बघू"चा अर्थ सभेत सगळ्यांना कळला, तरी ठरलं ते ठरलं.

मी जाऊन आजीला सांगितलं.

"काढा म्हणावं मग," ती दोरा ओवत म्हणाली. "पाटी मी फिरवायची नाही."

अशा माणसाचं करायचं काय? माझ्या डोक्यात तिडीक गेली. सोमवारी सकाळी सातला झाडून काढताना मी इकडेतिकडे पाहिलं आणि आजीची पाटी हिरवी करून टाकली. तिची खोली वाचली, माझे गुडघे वाचले. मंगळवारी तेच. बुधवारी तेच.

"बघा काका, नियम कडक केला की माणसं सुधारतात," सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

"हो ना," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटत होतं.

गुरुवारी सकाळीही पाटी हिरवी केली आणि दुपारी सव्वाबाराला चौथ्या मजल्यावर गेलो, ते आजीसमोरच्या बेकरीवाल्याच्या बेलसाठी. त्याला ऐकू येत नाही, म्हणून बेल दाबली की त्याच्या घरात दिवा लागतो, आणि तो दिवा महिन्यातून दोनदा उडतो. स्टुलावर चढून वायर सोलत होतो, तेव्हा लक्षात आलं की मशीन वाजत नाहीये. बेकरीवाल्याला ते कळणं शक्य नव्हतं. मी उतरलो आणि आजीचं दार वाजवलं. "आहे, आहे" आलं नाही. माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं.

आजी मोरीच्या उंबऱ्यात पडली होती. ओढून घेतलेला टॉवेल अंगावर. डोळे उघडे.

"किती वाजले?"

"साडेबारा."

"साडेसहाला पडले. म्हटलं, दहाला येईलच हा. दहाचे सव्वादहा झाले. म्हटलं, गुडघे दुखत असतील." तिने ओठ ओले केले. "सोमवारपासून कुठे उलथला होतास रे?"

मी तिच्याजवळ खाली बसलो. चार वर्षं ती पाटी का फिरवत नव्हती, ते त्या फरशीवर बसल्यावर मला कळलं. पाटी हिरवी झाली की दारावर कोणी येत नाही.

अँब्युलन्सच्या माणसांनी तिला खाली आणलं. लिफ्ट मोठ्याने "तळमजला" म्हणाली. सेक्रेटरीबाई पाट्यांपाशीच होत्या, चेहरा पांढराफटक.

"यांची पाटी तर हिरवी आहे! आजी, सकाळी खाली येऊन गेलात ना तुम्ही?"

आजीने स्ट्रेचरवरून मान वळवून पाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

"मग काय, भुताने फिरवली?" आजी म्हणाली. "फिरवून वर गेले आणि पडले. कोणीही पडतं."

म्हणजे मी गप्प बसलो असतो तर तिची खोलीही राहत होती आणि माझी नोकरीही. मी गप्प बसलोसुद्धा, चार वाजेपर्यंत. पण त्या पाट्यांवर चौदा बिऱ्हाडं विसंबून होती, आणि त्यातली एक मी खोटी करून ठेवली होती. चारला सेक्रेटरीबाईंचं दार वाजवलं आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चाकावर हात आपटून म्हणाल्या, "तुम्ही दोघं मिळून मला वेड लावणार आहात, काका!" आणि लगेच, हळू आवाजात, "मलाही वाटलं, सुधारल्या. तीन दिवसांत एकदा वर जाऊन बघावं, असं माझ्याही मनात आलं नाही."

रविवारी पुन्हा सभा. दोन तास आरडाओरडा. कोणी म्हणालं, आता तिला इथे ठेवणं धोक्याचं आहे. कोणी म्हणालं, आधी पक्कडकाकांना काढा. सेक्रेटरीबाईंनी बैठकीत पहिल्यांदाच आपला नियम मागे घेतला आणि मत टाकायला सांगितलं. खोली तीन महिने राखून ठेवायची, हे सात विरुद्ध सहा मतांनी ठरलं. मला लेखी ताकीद मिळाली. ती घडी घालून मी पक्कडीच्या खिशात ठेवली.

सोमवारी आजीची पाटी खिळ्यावरून काढून घेतली आणि हॉस्पिटलात गेलो. चादरीखाली तिचे पाय आहेत की नाहीत, कळत नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं होतं; तीन महिन्यांत ती उभी राहील का, यावर डॉक्टर सरळ उत्तर देत नव्हते.

"सात-सहा?" ती म्हणाली. "सहा कोण?"

"सांगणार नाही."

"नको सांगूस. त्यातल्या चौघांच्या पँटच्या चेन मी बसवल्यात."

मी पाटी तिच्या हातात दिली. तिने अंगठ्याने खाच चाचपली आणि पलंगाशेजारच्या कपाटावर पाटी ठेवली. लाल बाजू वर.

"आजी, इथे कशाला? इथे तासातासाला नर्स येते."

"नर्स तिच्या कामाला येते. उद्या दहाला ये."

"भेटायची वेळ चारची आहे."

"मग चारला ये."

"एकदा तरी हिरवी करा हो!" मी वैतागून म्हटलं.

तिने डोळे मिटून घेतले. चारला यायचं म्हणजे दोन बस बदलायच्या आणि वर तीन जिने, कारण इथली लिफ्ट कोण दुरुस्त करतं ते मला ठाऊक नाही. मी पाटी तशीच राहू दिली आणि निघालो.