आकांक्षाला अ-१ मिळाला

माझं डोकं फिरलं ना, की समोर कोण आहे ते मी बघत नाही. बाई असोत नाहीतर हेडमास्तर. आधीच सांगून ठेवते.

आमची आकांक्षा चौथीत. एक मेला सकाळी शाळेत झेंडावंदन झालं आणि प्रगतिपुस्तक हातात पडलं. मराठीत अ-१! खाली बाईंच्या अक्षरात नोंद, 'आवडीने अवांतर वाचन करते.' तिसरीच्या शेवटी हीच पोरगी क-२ वर होती. तेव्हा माझे सासरे, नाना, तिला रोज संध्याकाळी पुढ्यात घेऊन बसायचे, ओळीखाली बोट ठेवून एकेक शब्द वाचून घ्यायचे. चौथीच्या पहिल्या सत्रात सरळ अ-२ आला. म्हटलं, चला, गाडी रुळावर आली. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना तरी कशाला त्रास? वाचन बंद केलं आणि तिला डान्स क्लासला घातलं.

आता तर अ-१. माझा नवरा राजरत्न नाक्यावरून किलोभर पेढे घेऊन आला, अख्ख्या चाळीत वाटले. यंदा बुद्धपौर्णिमाही त्याच दिवशी. संध्याकाळी विहारात वंदना झाली की खीर वाटायच्या आधी एका मुलाने ग्रंथातलं एक पान मोठ्याने वाचायचं, ही आमच्या चाळीची जुनी रीत. नानांचा जन्म गिरणीत गेला, त्यांना कधी कुणी वाचायला उभं केलं नाही. ते ताठ मानेने उठले. "यंदा आमची आकांक्षा वाचेल. अ-१ आहे तिला."

पोरगी पांढरा फ्रॉक घालून उभी राहिली. पंचशील धडाधड तोंडपाठ म्हणणारी माझी पोरगी पहिल्याच ओळीत अडकली. "भ... भग..." पुढे गाडी हलेना. मागून कुणीतरी फिसकन हसलं. दुपारी पेढे खाल्लेली तोंडंच हसत होती, मेली! नानांनी पुस्तक तिच्या हातातून हळूच काढून घेतलं आणि खाली मान घालून बसले.

घरी आल्या आल्या राजरत्नचा हात उठला. "नाटकं करतेस? अ-१ वाली आणि एक ओळ येत नाही?"

मी मध्ये पडले. "तिला हात लावून तर बघ! उद्या शाळेत चल, तिथे दाखव तुझी मर्दानगी."

तो कसला येतोय! टॉवरमध्ये लिफ्टची ड्युटी आहे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन मीच गेले. मुलांना सुट्टी लागलेली, बाई वर्गात कागदांचा ढीग उपसत बसलेल्या. टेबलावर दुसरीचं पुस्तक पडलं होतं, ते आकांक्षापुढे धरलं. "वाच." चार शब्दांत तिला घाम फुटला.

"आता सांगा बाई, हिचं अवांतर वाचन तुम्ही ऐकलंत कधी?"

"अहो, दोन वर्ग एकत्र केलेत, साठ मुलं आहेत," बाई म्हणाल्या. "क दिला की प्रत्येकाचा वेगळा अहवाल, वरून विचारणा. त्यात इलेक्शन ड्युटी, सर्व्हे. आम्ही शिकवायचं कधी? आणि कमी दिलं की तुम्ही पालकच भांडायला येता."

"मी जास्त दिलं म्हणून आलेय! क-२ होता तेव्हा पोरगी मागे आहे एवढं तरी आम्हाला कळत होतं. म्हातारा माणूस डोळे फोडून तिला शिकवत होता. तुम्ही अ लिहिलात आणि आम्ही गाफील राहिलो. पाचवीच्या परीक्षेत नापास करतात, तेव्हा हा अ-१ काय चाटायचाय? खोडा तो. क लिहा!"

"ऑनलाइन भरलंय सगळं. आता काही बदलत नाही."

"मग इथे पुस्तकात खोडा!"

माझा आवाज ऐकून शिपाई दारात येऊन उभा राहिला. बाईही भडकल्या आणि आकांक्षाकडे वळल्या. "काय गं, वाचता येत नाही तर घरी सांगायचं नाही?"

आकांक्षा चपलेच्या पट्ट्याकडे बघत होती. "सांगितलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत. आई म्हणाली, अ मिळालाय ना, मग नखरे करू नको."

खरं होतं. मी मोरीत बोंबील साफ करत होते. पुस्तक घेऊन मागे उभी होती ती. "आई, मला नाही जमत गं, नानांना परत बसायला सांग ना." मी मान वळवूनसुद्धा बघितलं नव्हतं.

बाईंसाठी आणलेल्या सगळ्या शिव्या तोंडातल्या तोंडात राहिल्या. जिना उतरताना एकूण एक स्वतःला घातल्या.

गेटपाशी तिने माझा हात ओढला. "आता सगळ्यांना सांगायचं? पेढे खाल्ले त्यांना पण?"

"सांगायचं. आज संध्याकाळच्या वंदनेला विहारात मीच उभी राहणार. काल हसले ना, त्यांच्यासमोर. माझ्या पोरीने मला खरं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, हे आधी सांगणार."