बाबांच्या तोंडचं

खुंटी अजून ओली होती – करंगळीच्या पेराएवढी लाकडाची खुंटी, खुर्चीच्या चौकटीतल्या भोकात ठोकलेली, वेताची पट्टी सुटू नये म्हणून. तिच्या कडेला पाण्याचा बारीकसा गोळा साचला होता आणि त्यात दुकानाची खिडकी दिसत होती, उलटी आणि वाकडी. तिने मोबाइल आणखी जवळ नेला. फोटो चांगला येणार होता. फोटोखाली काय लिहायचं तेही मनात तयार होतं, नेहमीसारखं, थेट बाबांच्या आवाजात – 'वेत ओला असतो तोवरच आपलं ऐकतो. एकदा वाळला की त्याचं तो खरं करतो.' वाक्य बरं होतं. बाबा असं जन्मात कधी म्हणाले नव्हते. बाबा म्हणायचे, "पाणी बदल."

आत्ताही तेवढंच म्हणाले. तिने वेत भिजत घातलेली बादली उचलली, मागच्या मोरीत रिकामी केली, पुन्हा भरून आणली, आणि घड्याळात पाहिलं. साडेदहा. बाई अकराला येणार होत्या.

सकाळपासून तिचं लक्ष घड्याळाकडे होतं ते त्याच बाईंच्या निरोपामुळे. 'खुर्ची घेऊन येते आहे. पण खरं म्हणजे त्यांना भेटायला येते आहे. ज्यांनी ते लिहिलं त्यांना.' निरोप दुकानाच्या पेजवर आला होता, आणि पेज ती चालवत होती, म्हणजे ज्यांनी ते लिहिलं त्यांनी तो न्याहारी करता करता वाचला होता आणि घास तसाच हातात राहिला होता. बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. 'तू ते काहीतरी लिहितेस' एवढंच त्यांना माहीत होतं, आणि ते लिहिल्यामुळे खुर्च्या येतात, एवढं पुरे होतं.

हे लिहिणं म्हणजे तिचा धंदाच. रस्त्यावरच्या पावाच्या भट्टीसाठी ती लिहायची, शेजारच्या चष्म्याच्या दुकानासाठी लिहायची – ब्लॉग, पोस्टी, फोटोखालच्या चार ओळी – ज्या दुकानांवरून माणसं रोज जातात पण आत शिरत नाहीत, त्यांच्याकडे माणसांनी वळून बघावं म्हणून. भट्टीसाठी लिहिताना 'आम्ही' असायचं, चष्म्यांसाठी 'आपले डोळे'. तिथे कधी अडलं नाही. अडलं ते घरच्याच दुकानापाशी. 'आमच्याकडे वेताच्या खुर्च्या विणून मिळतील' असं तिने पहिल्यांदा लिहिलं तेव्हा तीन लाइक आले होते, त्यातला एक तिचा स्वतःचा आणि एक चुकून पडलेला. तेव्हा आईला जाऊन दोन महिने झाले होते. बाबा दुकानात नुसते बसून असायचे, विणायला खुर्ची नाही आणि बोलायला… बोलत तर ते आधीही नव्हतेच, पण आई असताना ते न बोलणं घरात खपून जायचं, कारण ती दोघांचं बोलून टाकायची. मग एका दुपारी हिने 'आमच्याकडे' खोडलं आणि लिहिलं, 'मी.' 'मी चाळीस वर्षं लोकांच्या बसण्याची सोय करतो आहे. मला स्वतःला मात्र तिपाईवरच बसायची सवय आहे.' त्या दिवशी सहा माणसांनी विचारलं, दुकान कुठे आहे.

तिथून ते सुटलंच. बाबा लोकांशी बोलू लागले. मोडक्या खुर्चीची कीव करू नका म्हणाले, जावयासाठी काढून ठेवलेली खुर्ची आणि आजोबांची खुर्ची यांतला फरक त्यांनी समजावून सांगितला, स्वतःच्या जाड बोटांची थट्टा केली. लोकांना ते आवडले. मलाही आवडले… तिला कधी कधी वाटायचं, आपल्यालाच ते सगळ्यांत जास्त आवडतात, हे पेजवरचे बाबा. दुकानातल्या बाबांसमोर बसून ती त्यांच्याविषयी लिहायची आणि मान वर केली की दिसायची ती त्यांची पाठ.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण अक्कल गहाण टाकल्यासारखं एका संध्याकाळी तिने आईला त्यात आणलं. 'शेवटची पट्टी ओवायच्या आधी मी बायकोला हाक मारायचो. ती येऊन शेजारी उभी राहायची. तिच्यासमोरच मी शेवटची गाठ मारायचो. आता हाक मारत नाही, पण शेवटच्या पट्टीपाशी हात अजून थांबतो.' हे तिने कुठून आणलं? आई दुकानात यायची, एवढं खरं. दारातून आत आलेली आई, ओले हात पदराला पुसत, खुर्चीवर वाकलेली – हे तिने लहानपणी शाळेतून येताना कितीदा पाहिलं होतं. पुढची हाक मात्र तिची. आईला कुणीतरी हाक मारलेली असावी, एवढीच तिची इच्छा होती, आणि ती इच्छा बाबांच्या नावावर खपून गेली. किती जणांनी ते पुढे पाठवलं याची मोजदाद नाही. खुर्च्यांची रांग लागली. आणि कौतुकाने डोकं फिरलेलं असतानाच पुढच्या आठवड्यात तिने आणखी एक लिहिलं… ते मात्र तिने नंतर पुन्हा उघडून वाचलं नव्हतं. 'माझी मुलगी दुकानात आली की काम हलकं होतं. तिला हे सांगायचं राहूनच जातं.' लिहून झाल्यावर तिला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. स्वतःलाच पत्र लिहून स्वतःच पेटीत टाकावं, आणि टपालवाल्याची वाट बघत दारात उभं राहावं, तसं.

अकराला पाच कमी असतानाच बाई आल्या. मागून गाडीवाल्याने खुर्ची आणली – हातांची, जुनी, सीट मधोमध फाटून खाली लोंबणारी. बाईंनी आधी तिच्याकडे बघून मान हलवली, ही मदतनीस असावी अशा समजुतीने, आणि सरळ बाबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बाबा दुसऱ्या खुर्चीत तिरप्या पट्ट्या ओवत होते. ते उठले. एवढं तरी केलं, तिच्या मनात आलं. आता यांनी 'मी काही लिहीत नाही, ती लिहिते' एवढं म्हणायचा अवकाश, की संपलं. दुकान संपेल तर संपेल. पण बाई ते सगळं त्यांच्यासमोर बोलून दाखवतील, आणि बाबांना कळेल की त्यांच्या संसारात आपण त्यांना न विचारता हात घातला… मग यापुढे त्यांच्यासमोर बसायचं कसं?

बाईंना ते पाठ होतं. हाकेपासून शेवटच्या पट्टीपर्यंत, एक शब्द इकडचा तिकडे न होता, हळू आवाजात त्या म्हणत गेल्या, आणि तिला स्वतःचीच वाक्यं अशी ऐकू येत होती की कानात बोटं घालावीत. खुर्ची यजमानांची, बाई सांगत होत्या. ते गेले त्याच महिन्यात ती फाटली. वर्षभर त्या फाटक्या खुर्चीसमोर बसून जेवल्या, कारण दुरुस्तीला दिली तर कुणीतरी ती नुसती खुर्ची म्हणून विणेल अशी भीती वाटायची. मग हे वाचलं. बाबा ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं, आणि एरवी त्यावर चिडणारी ती आज त्यासाठी देवाचे आभार मानत होती.

"एक विचारू का?" बाई म्हणाल्या. "अजून थांबतो हात?"

बाबांनी खुर्चीच्या हातावरून अंगठा फिरवला.

"थांबतो," ते म्हणाले. "दोन आठवड्यांनी या. घट्ट विणणार नाही. त्यांच्या बसण्याचा खोलगटपणा सीटला राहील."

बाई रडल्या नाहीत. त्यांनी मान डोलावली, पिशवीतून रुमाल काढला, तो न वापरताच परत ठेवला आणि गेल्या.

मग दुकानात नुसता वेताचा आवाज उरला. भोकातून पट्टी ओढताना होणारा, लांब, कोरडा. बाबा पुन्हा तिपाईवर बसले होते. ती मोबाइल हातात धरून उभी होती, जणू मोबाइलच काहीतरी सांगणार होता. सांगून टाकावं. ते सांभाळून घेऊन खोटं बोलले, माझ्यासाठी बोलले, म्हणजे आता माझ्यावर हे आलंच…

"बाबा, त्या बाई जे म्हणत होत्या ते –"

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"चष्मेवाला वाचून दाखवतो. चहाला येतो ना दुपारी."

तिला आधी नीट कळलंच नाही. चष्मेवाला? ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, जो स्वतःच्या बायकोचं वय गिऱ्हाइकांना सांगतो, तो चष्मेवाला? रोज दुपारी, ती घरी जेवायला जायची त्या तासाभरात? तिने त्याच्यासाठी डोळ्यांची काळजी घेण्याचे पंचवीस उपाय लिहून दिले होते आणि तो मान डोलावून 'वा, वा' म्हणाला होता, आणि चार वर्षांत एका शब्दाने… म्हणजे सगळं. तिपाई, बोटं, जावयाची खुर्ची. आई. आणि त्यानंतरच्या आठवड्यातलं ते दुसरंही. चष्मेवाल्याच्या त्या घोगऱ्या आवाजात, चहाचा घोट घेत घेत वाचलेलं. तिचे कान तापले. ती खाली बसली, बाईंच्या खुर्चीला टेकून.

"मग बोलला का नाहीत?"

बाबांनी पट्टी ओढली, खुंटी बसवली. हातोडीचा एक हलका ठोका.

"एक चुकलंय त्यात," ते म्हणाले.

तिने मान वर केली.

"हाक मी कधी मारली नाही. तीच यायची. तिला चुका काढायची हौस. सीटवरून बोट फिरवायची. तिरपी पट्टी एखादी खालून जायची ती वरून गेली, तर तिला बरोबर दिसायचं. मग दिवसभर खूश." त्यांनी नवी पट्टी बादलीतून काढली, दोन बोटांत धरून निथळवली. एवढं एका दमात बोललेले बाबा तिने पाहिले नव्हते, त्यामुळे ती हलतसुद्धा नव्हती. "पुढे पुढे हात बसला. चुका होईनात. ती यायची, बोट फिरवायची, तशीच परत जायची. मग मी एक ठेवायला लागलो."

"ठेवायला?"

"मुद्दाम. एखादी तिरपी उलटी घ्यायचो. तिला सापडली की मी उसवायचो, पुन्हा ओवायचो, ती शेजारी. तासभर जायचा."

तासभर. ज्या माणसाने एका चुकलेल्या तिरपीपायी तिला लहानपणी दुकानातून बाहेर काढलं होतं, 'हात लावू नकोस, तिथे वेत वेताला घासतो आणि सीट तिथूनच तुटते' म्हणून, तो माणूस. आणि आई… ओले हात पुसत वाकलेली ती आई, तिला वाटलं होतं कौतुकाने वाकलेली.

"आईला माहीत होतं?"

"विचारलं नाही मी." मग मान खाली घालूनच, "बाकीच्यात काही चूक नाही."

बाकीच्यात. तिने तो शब्द मनात उलटसुलट करून पाहिला. बाकीच्यात तिपाई आली, बोटं आली. बाकीच्यात तेही आलं, जे तिने लिहून पुन्हा उघडलं नव्हतं. की नाही आलं? विचारता आलं असतं. पण विचारलं तर ते नुसतं 'हं' म्हणतील, आणि मग 'हं' एवढंच हातात उरेल. तिने विचारलं नाही. ती त्यांचीच तर मुलगी.

सहा वाजता पोस्ट जात असे. तिने मोबाइल उघडला, सवयीने, आणि अंगठ्याने लिहिलं – 'मी मुद्दाम एक' – आणि थांबली. हे किती लांब जाईल ते तिला धंद्याने कळत होतं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं असतं, खुर्च्यांची रांग पार भट्टीपर्यंत गेली असती. चार वर्षांत पहिल्यांदा बाबांचं खरंखुरं वाक्य तिच्याकडे होतं, आणि ते कुणाला द्यावंसं तिला वाटत नव्हतं. की द्यावं? त्या बाईंना तरी? तीन शब्दांपुढची ती उभी रेघ उघडमीट करत राहिली. एवढी वर्षं बाबा पुढे काय म्हणतील ते तिला आधीच माहीत असायचं, कारण तीच ते म्हणायची. आता माहीत नव्हतं. हे न माहीत असणं किती बरं वाटतंय, याचं तिला आश्चर्य वाटलं, आणि थोडं रडूही आलं, पण ते तिने आवरलं नाही आणि त्याला वाटही करून दिली नाही.

बाबांनी शेवटची पट्टी ओवली, गाठ मारली, टोक कापलं. उठले. गुडघ्यावर हात देऊन, दोन टप्प्यांत, हल्ली उठायचे तसे. खुर्ची त्यांनी पायाने तिच्याकडे सरकवली.

"बघ जरा," म्हणाले, आणि चपला घालून चष्मेवाल्याकडे निघून गेले.

जन्मात त्यांनी तिला विणलेलं बघायला सांगितलं नव्हतं. तिने मोबाइल जमिनीवर पालथा ठेवला. सीट अजून ओली, थंड होती आणि तिला दमट लाकडाचा वास होता. उभ्या, आडव्या, मग तिरप्या. एक तिरपी वरून, दुसरी खालून. कुठून सुरुवात करायची तेही तिला ठाऊक नव्हतं. मी डाव्या कोपऱ्यातून करते, तिने ठरवलं. चूक असेलच असं नाही. बाबांचा हात बसलेला आहे, आणि हे नुसतंच 'बघ जरा' असू शकतं, जसं 'पाणी बदल.' तिने पहिल्या ओळीवर बोट टेकवलं आणि सरकवत नेलं. पहिल्या ओळीत काही नव्हतं. दुसरीतही नव्हतं. तिसरी ओळ तिने आणखी सावकाश घेतली, सापडलंच तर इतक्यात सापडू नये म्हणून.