जावई आत्याने दाखवायचा असतो

“दोन ओळी लिहून द्या सिस्टर. ‘हिला उभं राहणं झेपणार नाही’, एवढंच.” नाल्वोगा म्हणाली.

दर महिन्याचं इंजेक्शन घेऊन ती कंबर चोळत बसली होती. लहानपणच्या तापाने तिच्या हृदयाची एक झडप गळकी करून ठेवलेली. मसाका शहरातल्या शाळेत ती चारशे मुलांचं रांधायची. शनिवारी भाचीच्या मागणीचा सोहळा होता. पाहुण्यांच्या घोळक्यातून नवरदेव हुडकून भावापुढे आणायचा मान आत्याचा; तो टाळायलाच तिला चिठ्ठी हवी होती.

सिस्टर नाकिंतूने कानातली नळी काढली. “धडधड कधी होते? मक्याच्या पिठाचा पोशो घोटताना?”

“छे! तेव्हा कुठला वेळ?”

“टेकडीवर चर्चला चढताना?”

“नाही.” नाल्वोगा खाली बघत म्हणाली, “ढोल वाजला की.”

तीन वर्षांपूर्वी अशाच एका मागणीत, ढोल चालू असतानाच तिची थोरली बहीण नाबुकीरा कोसळली होती, ती पुन्हा उठलीच नाही. तिचीही झडपच; पण पार निकामी झालेली.

“डॉक्टरांनी परवाच पाहिलंय. सहा वर्षांत तुझी गळती तसूभर वाढलेली नाही.”

“म्हणजे मी सोंग करते?”

“नाही गं बाई. धडधड खरीच आहे. पण ती भीतीतून येते. चिठ्ठी नाही देत. मीच येते शनिवारी, तुझ्याजवळ बसते.”

“फुकट जेवायला!”

“ते तर आहेच.”

शनिवारी ढोलावर पहिली थाप पडली आणि नाल्वोगाचं काळीज उसळलं. तिने सिस्टरचा हात गच्च धरला.

“खाली बसू?”

“बस की. कुणाला घाई आहे?”

चटईवर बसून ती मनात ‘नमो मरिये’ची प्रार्थना म्हणत राहिली. ढोल थांबला नाही. तिलाही काही झालं नाही. मग ती उठली.

नवरदेव मागच्या रांगेत सापडला. तिने धरलेला त्याचा हात गारठलेला.

“मला भ्यायला कारण आहे बाबा. तुला काय झालं?”

“आत्याबाई, तुमचे भाऊ फार धिप्पाड आहेत हो.”

तिला हसू फुटलं. धडधड होतीच, ती तशीच घेऊन तिने हळूहळू अंगण ओलांडलं आणि झग्याचा घोळ सावरत भावापुढे गुडघे टेकले.

“दादा, हा आपला जावई.”

भावाने चमकून मान वर केली. तिचा आवाज हुबेहूब गेलेल्या नाबुकीराचा होता. आता रीतीप्रमाणे त्याने विचारायचं असतं, कुठला, कुणाचा. सगळे वाट पाहत होते.

“पुन्हा एकदा सांग गं,” तो म्हणाला.