डोळ्यातलं पांढरं

सुनेनं रंगवलेली माणसं मेणाची दिसतात, असं तिला व्यक्तिचित्रं शिकवणाऱ्या सरांचं म्हणणं होतं. आणि सर एकदा बोलायला लागले की कुणाची भीडभाड ठेवत नसत.

"गाल गुलाबी, केस काळे, डोळे पांढरे. हे सगळं तुम्हाला घरी बसूनही माहीत होतं. मग समोर माणूस कशाला बसवलात? हौशी मंडळी माहीत असलेलं रंगवतात. धंदा करायचा तर दिसलेलं रंगवा. डोळ्यातलं पांढरं कधीच पांढरं नसतं, एवढं कळलं तरी मी जिंकलो."

सरांकडे लोक चित्रं काढून घ्यायला येत, पण हल्ली त्यांचा हात थरथरायचा. हाताखाली कुणीतरी तयार माणूस हवा होता. त्यांनी सुनेला सांगितलं, एकाच व्यक्तीची एकापाठोपाठ तीन चित्रं करा, शेवटचं मला पटलं तर पुढचं काम तुम्हाला. आजवर घरात तिच्या रंगांना 'तुझा तो पसारा' म्हणत. पहिल्यांदाच कुणीतरी त्याला काम म्हणणार होतं, आणि ते तिला हवंच होतं. इतकं हवं होतं की रात्री झोपेतही ती रंग मिसळायची.

आता बसवायचं कुणाला? नवरा म्हणजे पायाला भिंगरी. राहता राहिल्या सासूबाई.

"बसते की," त्या म्हणाल्या. "पण गप्प बसणारी हवी असेल, तर दुसरी सासू शोध."

उत्तरेच्या खिडकीशी खुर्ची मांडली गेली. दुपारची भांडीकुंडी आवरली की सासूबाई शाल पांघरून बसत आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. मधूनच उठून चित्र बघून जात. "हे नाक माझं नाही. हे तुझ्या माहेरचं नाक आहे, मला कशाला चिकटवलंस?" सून हसायची आणि नाक खरवडून काढायची. पहिलं चित्र झालं. सरांनी ते लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाले, "मेण."

दुसऱ्या चित्राला तिनं घाई केली नाही. आधी मातकट हिरव्या रंगात नुसत्या छाया बसवल्या, त्या वाळू दिल्या, आणि त्यावर कातडीचा रंग पातळ पातळ थरांनी चढवला. डोळे किलकिले करून बघायला ती शिकली. तसं बघितलं की सुरकुत्या, भुवया, सगळं मागे सरतं आणि नुसते रंगाचे डाग उरतात. असं बघताना तिला सासूबाईंच्या गालाच्या हाडावर पिवळी झाक दिसली. तिनं गुलाबी कमी केला, पिवळा चिमूटभर वाढवला. गाल एकदम खरा वाटायला लागला.

तिसऱ्या चित्राच्या वेळी तिची नजर चांगलीच तयार झाली होती. पिवळा आता कपाळावर होता, नाकाच्या कडेला होता आणि डोळ्यांतही होता. डोळ्यातलं पांढरं खरोखरच पांढरं नव्हतं! लिंबाच्या सालीसारखं होतं, कोपऱ्यात किंचित हिरवट. सर म्हणत होते ते हेच, असं वाटून तिला कोण आनंद झाला. इतकी वर्षं हे आपल्याला दिसलं कसं नाही, म्हणून तिनं स्वतःलाच मूर्खात काढलं.

संध्याकाळी नवरा चित्रासमोर उभा राहिला. "आईला फार पिवळी केलीस. जरा उजळ कर ना."

"अहो, नीट बघा तरी. आहेतच त्या तशा."

त्यानं नीट बघितलं, पण चित्राकडे.

सासूबाई बसता बसता हात खाजवायच्या. जेवणावरची त्यांची वासना उडाली होती. "आज राहू दे गं," त्या एकदा म्हणाल्या, "अंगात त्राण नाही." सून म्हणाली, "आई, थोडाच वेळ. उजेड गेला की रंग बदलतो." त्या बसल्या. पुढे पुढे त्यांचं बोलणंही कमी झालं. सुनेला ते पथ्यावरच पडलं. हलणारे ओठ कधी जमत नव्हते, ते या वेळी एका बैठकीत जमले.

सरांनी तिसरं चित्र खिडकीशी नेलं आणि उजेडात तिरपं धरून बघितलं. मग म्हणाले, "हे डोळे तुम्ही बघितलेत. पुढच्या महिन्यात एक वकीलसाहेब बसणार आहेत, ते काम तुमचं." सुनेच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी सासूबाईंच्या अंगावरचं त्याहून जास्त उतरलं होतं, पण तिकडे कोण बघतंय!

बघितलं ते नणंदेनं. दुसऱ्या गावाहून बऱ्याच दिवसांनी आली, आणि दारातच तिच्या हातातली पिशवी गळाली. "आई! अगं, किती पिवळी पडलीयस!"

सून स्वयंपाकघरात होती. तो शब्द ऐकला आणि ती हातातलं काम टाकून दारापर्यंत आली. तिला काहीही नव्यानं कळलं नव्हतं, हेच भयंकर होतं. सगळं आधीच दिसलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी अंगठ्यानं सासूबाईंच्या डोळ्याखालची कातडी खाली ओढली. सून खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तो रंग कुठल्या दोन ट्यूबांमधून किती किती घेतला की होतो, हे ती डोळे मिटून सांगू शकली असती. तिला स्वतःची किळस आली.

"हे कधीपासून?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"दोन-तीन दिवस झाले असतील," नवरा म्हणाला. "ताई आली तेव्हाच लक्षात आलं."

"नीट आठवा. अचानक आलं असेल, तर बहुतेक पित्ताचा खडा अडकलाय. तो काढता येतो. पण हळूहळू, न दुखता चढत गेलं असेल, तर मला दुसरं काहीतरी शोधावं लागेल, आणि तेही लगेच."

"अचानकच," नवरा म्हणाला.

"अचानकच," नणंद म्हणाली.

सगळ्यांना खडाच हवा होता. सुनेलाही हवा होता. ती गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. नवऱ्याची नजर, नणंदेची नजर, सगळंच टळलं असतं. पण चुकीच्या जागी शोधण्यात आणखी दिवस गेले असते, आणि ते दिवस सासूबाईंच्याच खात्यातून गेले असते.

"अचानक नाही," ती म्हणाली. "मी त्यांची चित्रं करत होते. पहिल्यात नव्हतं. दुसऱ्यात गालावर थोडं होतं. तिसरं सुरू केलं तेव्हा डोळ्यांतही दिसलं. त्याला महिना होऊन गेला."

डॉक्टरबाईंनी कागदावरची एक ओळ खोडली. "तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं?"

"हो."

"मग काय केलंत?"

"रंगवलं," सून म्हणाली.

नणंदेनं तोंडावर हात धरला. सून हमसून रडायला लागली.

खाटेवरून सासूबाईंनी हात पुढे केला. तिचं मनगट धरून तिला जवळ ओढलं. आवाजात रागाचा लवलेश नव्हता.

"मला बरं वाटत नव्हतंच गं," त्या म्हणाल्या. "पण म्हटलं, ही रोज समोर बसून एवढं निरखून बघतेय. काही वावगं असतं, तर हीच बोलली असती."