ताट खाली ठेवून माप

“माताजी, ताट खाली ठेवून माप घ्याल का?”

मातेपुढं तोंड उघडायची पैज दिपाच्या वर्गातल्या तिघींनी लावली होती. दिपा दहावीत. महिन्याभरापूर्वी वक्तृत्वात तालुक्यात पहिली आली आणि तेव्हापासून वर्गात तिचा हात खाली म्हणून राहत नव्हता. येत्या गुरुवारी हिंगोलीला जिल्ह्याची फेरी होती. “एवढी बोलकी हाईस ना? मग दोरामातेपुढं बोलून दाखव!” तिघींनी डिवचलं. पैज त्यांची, पण प्रश्न दिपाचा स्वतःचा होता. तो तिला सापडला होता घरच्या शिलाई मशीनपाशी.

गोरेगावच्या बाजारात, दुकानांच्या मागं पत्र्याच्या शेडात दर मंगळवारी ही दोरामाता बसे. पुरुषांना मज्जाव. आत बायांची ही दाटी! कुणाला लेकरं पाजून छाती ओघळली म्हणून नवऱ्याचा टोमणा, कुणाची पाठ दुखायची, कुणाला अंगाला ब्लाऊज बसेना म्हणून लाज वाटायची. माता हिरव्या साडीत, कपाळभर कुंकू लावून, डोळे मिटून गरजायची, “कापाकापी डॉक्टरची, उचलून धरणी देवीची! टाका न्हाई, डाग न्हाई, सात मंगळवार, बेडा पार!” मधेच पदराखाली मोबाईल वाजला की देवी दोन मिनिटं अंगातून उतरायची आणि “नंतर कर” असं सांगून परत चढायची.

चमत्कार सगळ्यांच्या डोळ्यांदेखत व्हायचा. पहिल्या मंगळवारी गळ्याच्या हाडापासून ब्लाऊजच्या खालच्या शिवणीपर्यंत काळा दोरा धरायचा, शिवणीवर गाठ मारायची. दोरा डबीत बंद. मग सात मंगळवार देवीचं तेल. सातव्या मंगळवारी बाईनं आरतीचं ताट दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचं आणि माता तोच दोरा लावायची. गाठ शिवणीच्या दोन बोटं खाली लोंबायची. “चढलं!” माता ओरडायची. घंटा वाजायची. बाया रडायच्या.

आज सातवा मंगळवार होता दिपाच्या आत्याचा, संगिताचा.

संगिता म्हणजे दिपाचे वडील वसराम यांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडं तांड्यावरच राहायची. साखरेच्या आजारात तिचं अंग निम्म्यानं उतरलं, कातडी मात्र लोंबत राहिली. छातीखालच्या घडीत घाम साचून जखमा व्हायच्या, सुकायच्या, परत व्हायच्या. उपकेंद्राच्या शीतल सिस्टरनं तिला नांदेडच्या सर्जनकडं धाडलं. सर्जन म्हणाला, छाती उचलायचं ऑपरेशन तीन तऱ्हांनी होतं, घरी विचार करा, कोणतं ते ठरवून या. आत्या घरी आली आणि गप्प झाली. तीन तऱ्हा म्हणजे तीन तऱ्हेचे डाग, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं. तेवढ्यात दिपाच्या आईनं, मिनानं, मातेचं नाव ऐकलं.

तेल सुरू झालं आणि आत्याचं दुखणं थांबलं. दुखण्याबरोबर बाकीचंही थांबलं.

“आत्या, कसं वाटून राहिलं?”

“कायच वाटत न्हाई.”

“भाजीत मीठ बराबर हाय?”

“कायच वाटत न्हाई.”

ती भिंतीला टेकून बसायची, दारातल्या शेळीकडं बघत. शेळी गेली तरी तिकडंच बघत. जवळ बसलं की तेलाच्या वासाखालून दुसराच एक वास यायचा. दिपाला तो कळत होता. बोलायला सगळे शब्द येणाऱ्या दिपाला त्याबद्दल मात्र शब्द सुचत नव्हते.

मग रविवारी शेजारची पारुबाई ब्लाऊज टाकायला आली. मिना तांड्यावरच्या सगळ्या बायांचं शिवायची. तिनं टेप लावला आणि रोजच्यासारखं म्हणाली, “मावशे, हात खाली सोड. हात वर केला की कापड वर चढतं, माप चुकतं.”

खडू धरून उभी असलेली दिपा थबकली. “मम्मी, परत म्हण.”

“काय म्हणू? हात वर केला की...” मिनाच्या हातातला टेप तसाच राहिला. वीस वर्षं ती हे वाक्य बोलत होती. शेडात मात्र सहा मंगळवार ती बायांच्या डोक्यावरचं ताट बघून हात जोडत होती.

तर आता आत्या ताट डोक्यावर धरून उभी होती आणि दिपानं तो प्रश्न विचारला होता.

माता हसली. “देवीपुढं हात खाली? हात वर करणाऱ्यालाच देवी देते, पोरी!”

“मग पहिल्या मंगळवारी हात खाली काहून होते?”

दिपानं बरोबर आणलेल्या पारुबाईला पुढं ओढलं. सत्तरीची, काडीसारखी बाई, तेलाचा थेंब न लावलेली. मिनानं नवा दोरा काढून हात खाली असताना गाठ मारली. मग ताट डोक्यावर. गाठ दोन बोटं खाली लोंबली.

“अगं बया!” पारुबाई म्हणाली. “माझं बी चढलं की!”

एकच बाई हसली आणि लगेच गप्प झाली. मिना नणंदेकडं वळली. “वन्स, ताट खाली ठेवा.” आत्यानं ठेवलं. मातेच्या हातातला दोरा मिनानं घेतला आणि लावला. गाठ बरोबर शिवणीवर. पहिल्या मंगळवारी होती तिथंच.

“पण दुखायचं तर थांबलं ना?” मागून कुणीतरी विचारलं.

दिपानं शीतल सिस्टरला सोबतच आणलं होतं. सिस्टरनं तेल हुंगलं, बोटांवर चोळून बघितलं. “कापूर, पेपरमिंट. वर तुरटी हाय असं दिसतं. तुरटीनं कातडी आवळल्यासारखी वाटते, बाकीच्यानं बधिर होते.” दिपानं ते आपल्या मनगटावर चोळलं, थोड्या वेळानं चिमटा काढला. लाल वळ उठला, कळ मात्र अर्धीच आली. सिस्टर आत्याला पडद्याआड घेऊन गेली आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा आवळलेला होता. “आत पू झालाय. दुखत न्हाई म्हणून कुणी बघितलंच न्हाई. बधिर झालं म्हंजे बरं झालं न्हाई, बायांनो.”

“देवी कोपंल!” माता म्हणाली, तेलाचा कॅन उचलला आणि सेनगावच्या जीपकडं चालू पडली. तिला कुणी अडवलं नाही. बाया पदर सारखे करत, एकमेकींकडं न बघता बसून राहिल्या.

दिपानं वक्तृत्वाचा आवाज काढला नाही. साधंच बोलली. “कुणाचाबी चमत्कार असो, माप घेताना दोन्ही वेळा हात एकाच जागी ठेवा. खरा असंल तर तेव्हाबी दिसंल. आणि कुणी हात खाली घेऊ देत नसंल, तर तिथून उठा.”

संध्याकाळी घरी सिस्टरनं वहीच्या कागदावर ऑपरेशनच्या तीन तऱ्हांची तीन चित्रं काढली. पहिल्यात फक्त स्तनाग्राभोवती गोल काप. दुसऱ्यात गोल आणि खाली सरळ रेघ. तिसऱ्यात त्याशिवाय खालच्या घडीतून आडवी रेघ.

आत्या कागदाकडं नुसतीच बघत राहिली. मिनानं मग शिवायला आलेला एक ब्लाऊज मांडीवर घेतला. “वन्स, हे अंगाबरोबर बसवायला घालतो त्या टक्ससारखं हाय. कापड जरा सैल असलं तर गोलात चुण्या घेऊन भागतं. जास्त असलं तर उभा टक्स. पण खालचीच पट्टी लोंबत असंल, तर ती काढल्याबिगर ब्लाऊज बसत न्हाई. शिवण मोठी दिसते. पण बसतो.”

“जखमा त्या घडीतच होत्यात,” सिस्टर म्हणाली. “डाग राहणार, लांब राहणार. थोडा बधिरपणाबी राहू शकतो. परवा गुरुवारी सर्जन बसतो, त्याला जखम दाखवा आणि हे नीट इचारा. आधी जखम सुकली पाहिजे, मगच ऑपरेशन.”

“बधिरच हाय की मी,” आत्या म्हणाली. मग तिनं तिसऱ्या चित्रावर बोट ठेवलं. “हे.”

दारात उभा वसराम पायानं माती उकरत होता. “लोकं म्हणतील, या वयात छातीचं ऑपरेशन. आणि हिच्यासंग जाणार कोण?”

मिना काही बोलायच्या आत दिपा उठली.

“मम्मी, पप्पा, गुरुवारी आत्यासंग नांदेडला मी जाणार. ऑपरेशन होईल तेव्हाबी मीच राहणार. हिंगोलीची फेरी सोडली मी, सरांना सकाळीच सांगते. लोकांनी इचारलं तर माझ्याकडं धाडा.”